उतारावरची शेड

परतीचा पाऊस एकदाचा थांबला की आमच्या कल्याणजवळच्या मोहन्याच्या टेकाडावर जो उकाडा सुरू होतो, त्याला धड उन्हाळाही म्हणता येत नाही. जमीन आतून ओली असते आणि वरून ऊन भाजत असतं. गुडघ्याएवढं वाढलेलं गवत पिवळं पडायला लागतं, त्यातून चालताना पायांना कुसळं टोचतात. दुपारच्या वेळी सगळं टेकाड नुसतं वाफाळतं. यंदाही तसंच झालं. सुट्टी होती म्हणून मी उशिरा कपडे वाळत घालायला बाहेर आले, आणि खालच्या आळीत कुणीतरी पत्रा कापायला घेतला. ग्राइंडरचा तो आवाज कानात शिरला आणि मी बादली तशीच खाली ठेवून पायरीवर बसले. काही झालं नव्हतं. नुसतं दमल्यासारखं झालं. जुने थकवे असेच असतात, शरीरात कुठेतरी पडून राहतात आणि एखाद्या आवाजाने उठून बसतात.

आई जाऊन दोन पावसाळे झाले. पण ऑक्टोबर आला की मला तिची आठवण यायच्या आधी त्या शेडची आठवण येते. शेड अजून दारात उभी आहे. तिच्या सावलीत गाडी असते, आणि गाडी नसेल तेव्हा बाबा खुर्ची टाकून बसलेले असतात.

आमचं घर उतारावर आहे. वर रस्ता, खाली घर, आणि घराच्याही खाली हिरामण भोईरांचं आवार. ही जागा बाबांनी त्यांच्याकडूनच घेतलेली. बाबा इथल्याच कारखान्यात फिटर होते. नोकरी संपली, क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा सपाट जागा आमच्या आवाक्यातल्या नव्हत्या. बाबा म्हणाले, "घराची फरशी सपाट असली की झालं. अंगण कसंही असू दे." आणि खरंच, इतकी वर्षं त्या उताराचं कुणाला काही वाटलं नाही. आई त्यावर साड्या पसरून कुरडया वाळवायची. म्हणायची, उतरतं ऊन सगळ्यांना सारखं लागतं.

मग तिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा कल्याणला डायलिसिस सुरू झालं आणि त्या उताराची आणि आमची खरी ओळख झाली.

जाताना तिला चढावरून वर न्यायचं, येताना खाली आणायचं. जाताना ती निदान बोलत असे. येताना तिच्या अंगात काही उरलेलं नसे. रक्तदाब खाली गेलेला, पाय कापसाचे. बाबा मागून खुर्ची धरत आणि मी पुढून, उलट्या पावलांनी, एक एक पाऊल मागे चाचपत उतरत असे. चाकाखाली खडा आला की खुर्ची कलायची. आई डोळे मिटून घ्यायची. तिला घरात पोचवून मी तशीच अर्ध्या दिवसाच्या कामाला ठाण्याला निघायचे. तिथे मी कोर्टात लिपिक आहे. समोर लोकांच्या बांधांच्या, भिंतींच्या, पाण्याच्या वाटांच्या तक्रारी. संध्याकाळी परत येऊन वरच्या रस्त्यावर गाडी लावायची, मागच्या चाकाला दगड लावायचा आणि अंधारात तो उतार उतरायचा. मला तेव्हा स्वप्नंही उताराची पडत.

भाद्रपदात एकदा शेवाळावरून बाबांचा पाय घसरला. खुर्ची सुटली नाही, पण आई पुढे गुडघ्यांवर पडली. फार लागलं नव्हतं. मी तिच्या गुडघ्याला हळद लावत होते तेव्हा ती भिंतीकडे बघत म्हणाली, "आता पुरे झालं."

बाबांनी ते ऐकलं. ते दारातच उभे होते. म्हणाले, "बरोबर आहे तुझं. हा उतारच नडतोय. गाडी दारापर्यंत आली पाहिजे आणि सपाट जागेवर उभी राहिली पाहिजे. वर पत्रे पाहिजेत. ऊन नको, पाऊस नको. मी करतो बंदोबस्त."

आईने माझ्याकडे पाहिलं. तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलेलं, आणि मला कळलंय हे तिलाही कळलेलं. मी तोंड उघडणार तोच तिने माझा हात दाबला. "करू दे त्यांना," एवढंच म्हणाली.

शहाडचे रफिकभाई शेड बांधून देत. ते आले, वरून खाली चालले, खालून वर चालले, मग कमरेवर हात ठेवून म्हणाले, "गायकवाडसाहब, उतरणीवर शेड म्हणजे डोक्याला ताप. वरचं कापा, नाहीतर खालचं भरा. नाहीतर जमीन राहू द्या तशीच नि खांब लहानमोठे करा."

"वरचं कापू आणि खालचं भरू," बाबा म्हणाले. "मला टेबलासारखी जागा पाहिजे."

दुसऱ्या दिवसापासून बाबा पहाटे उठायला लागले. नोकरी संपल्यापासून मी त्यांना इतक्या लवकर उठलेलं पाहिलं नव्हतं. ते दोरी ताणत, खुंट्या ठोकत, पुन्हा उपटत. वरच्या बाजूला हातभर खणल्यावर काळा कातळ लागला. त्याला ब्रेकर लावावा लागला. घरभर दगडाची पूड. भांडी धुऊन ठेवली तरी ताटावर बोट फिरवलं की रेघ उमटायची. रफिकभाईंची माणसं एक दिवस येत आणि दोन दिवस येत नसत. बाबा फोन लावत, तिकडून "निकला हूँ, रास्ते में हूँ" असं उत्तर येई. दुपारी बाबा त्या खड्ड्याच्या कडेला टोपी घालून एकटेच बसलेले असत, जणू ते उठून गेले तर खड्डा भरून येईल.

त्या दिवसांतली एक दुपार मात्र मला आवडते. पातळी बघायची होती. पारदर्शक नळीत पाणी भरतात, एक टोक इकडे, दुसरं टोक तिकडे. दोन्हीकडे पाणी जिथे थांबतं ती एक पातळी. एक टोक रफिकभाईंकडे होतं. दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. आई दारात खुर्चीवर बसली होती, तिच्याच हातात बाबांनी ते दिलं. "हलवायचं नाही हां." आईला दिवसाला मोजून पाणी प्यायची परवानगी होती; उकाड्यात तिची जीभ टाळूला चिकटायची. ती नळीतल्या पाण्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "प्यायला नाही तर नाही, निदान धरायला तरी मिळालं." रफिकभाई खाली मान घालून हसले. बाबा नाही हसले. त्यांनी खडूने भिंतीवर खूण केली आणि त्या खुणेवरून दोनदा हात फिरवला.

खालच्या बाजूला भराव पडायला लागला तेव्हा हिरामणदादा कुंपणापाशी येऊन उभे राहिले. त्यांच्या आवारात नुकताच वाल पेरलेला, कोंब वर आले होते.

"गायकवाडभाव, ह्यो भराव टाकताव तं पानी कुठं जायाचा?"

"जिथे जात होतं तिथेच," बाबा म्हणाले. "तुम्ही जागा दिलीत तेव्हाही उतार होताच."

"तवा जमिनीत मुरायचा. आता तुमी शिमीट करताव. सगला माझ्या वालात येल."

बाबा तिथून आत आले आणि मग घरात बोलत राहिले. "इतकी वर्षं शेजार आहे. अजून आपण यांच्या दृष्टीने जागा घेतलेली माणसं. आपण घमेलंभर माती टाकली की यांना पाणी आठवतं."

मला त्यात खरं किती आणि जुनं दुखणं किती, हे कधीच नीट सांगता आलं नाही. बाबांचं लहानपण ज्या गावात गेलं तिथे आमच्या लोकांना विहिरीपासून लांब उभं राहावं लागे. कुणी वरून ओतेल तेव्हा ओंजळ भरायची. ते फारसं सांगत नसत. पण पाण्यावरून कुणी शब्द काढला की त्यांच्या मानेची शीर ताठ होई. हिरामणदादांना बिचाऱ्यांना आपल्या वालाची काळजी होती. दोघांच्या मधे मी होते, कोर्टातून आलेली, पर्ससुद्धा खांद्यावरून न उतरवलेली. मी म्हणाले, "बाबा, एक पाइप टाकू या ना खालून." बाबा म्हणाले, "तू यात पडू नकोस." मीही नाही पडले. माझ्यात पडण्याइतकीही ताकद नव्हती.

आणि मग, पाऊस गेला गेला म्हणत असताना, एका संध्याकाळी मलंगगडाच्या बाजूने आभाळ भरून आलं. तासभर असा कोसळला की वरच्या रस्त्याचं सगळं पाणी आमच्या अंगणात उतरलं. सकाळी दार उघडलं तर भराव अर्धा खाली घसरलेला. खालच्या बाजूला नव्याने उभा केलेला एक खांब दारुड्यासारखा कलला होता. आणि लाल चिखल कुंपणाखालून हिरामणदादांच्या वालावर जाऊन पसरला होता. कोंब दिसतच नव्हते.

ते त्या चिखलात उभे होते. बाबा वर उभे होते. आईचा डायलिसिसचा दिवस. मी तिला खुर्चीवर बसवून दारात आणलेलं, शाल पांघरून, पिशवी मांडीवर.

"मी सांगलेला का नाय?" हिरामणदादा खालून ओरडले. "सांगलेला का नाय तुमाला?"

"पाऊस काय मी पाडला?" बाबा वरून.

"पाऊस नाय पाडला, माती तं तुमी टाकली!"

"माझ्या जागेत टाकली!"

शब्दाला शब्द वाढायला लागला. आजूबाजूच्या घरांतून माणसं बाहेर आली. जागा कुणी दिली, कुणी घेतली, इथपर्यंत गोष्ट गेली, आणि आता तोंडातून असं काहीतरी निघेल जे पुन्हा आत घेता येणार नाही, असं मला वाटायला लागलं. तेवढ्यात आई बोलली. तिचा आवाज त्या महिन्यांत इतका बारीक झाला होता की शेजारच्या खोलीतून ऐकू येत नसे. पण ती बोलली आणि दोघं थांबले.

"हिरामणदादा, जरा इकडे वर या."

ते चिखलाच्या पायांनी वर आले. पायरीपासून लांबच उभे राहिले, फरशी घाण होईल म्हणून.

"आम्ही इथे यायच्या आधी हे पाणी कुठून जायचं?"

ते गोंधळले. मग त्यांनी हात केला. "थय, त्या आसाण्याच्या झाराच्या अंगाशी. बारका वहाल होता. तुमची मोरी झाली तवा बुजला."

"मग आता कुठून जाऊ द्यायचं ते तुम्ही दोघं मिळून ठरवा. जमीन तुमची जुनी, घर आमचं. मला भांडण ऐकायला वेळ नाही हो. माझी पाळी चुकेल."

ती डायलिसिसच्या पाळीबद्दल बोलत होती. पण ते वाक्य तिथे तसंच उभं राहिलं, आणि कुणाला ते ओलांडून पुढे जाता येईना.

हिरामणदादांनी पाय गवताला पुसले. "वालाचा मागना बगू," ते म्हणाले. "आदी वयनीला गारीत बसवू." आणि त्यांनी वाकून खुर्चीचा पुढचा भाग धरला. मागून बाबांनी धरला. त्या निसरड्या चढावरून दोघं तिला वर घेऊन गेले, एकमेकांकडे न बघता, "जरा डावीकडं", "थांबा", "हां, आता" एवढंच बोलत. मी पिशवी घेऊन मागून चालत होते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच माझे हात रिकामे होते आणि मला ते कुठे ठेवावेत ते कळेना.

त्या दिवशी बाबा आमच्याबरोबर आले नाहीत. दुर्गाडीच्या पुलापाशी गाड्या तुंबलेल्या. आई मागच्या सीटवर आडवी होऊन पडली होती. मी आरशातून बघत विचारलं, "बोलल्यावर दमलीस?"

"दमायला मी कधी थांबलेय?" ती म्हणाली.

दुपारी परत आलो तेव्हा अंगणात फक्कीची एक वाकडी रेघ मारलेली होती, वरच्या गटारापासून आसाण्याच्या झाडापर्यंत. दोघं म्हातारे त्या रेघेच्या दोन टोकांना बसून चहा पीत होते. बाबा म्हणाले, "भराव नको. रफिकला सांगितलंय. गाडीपुरती आणि दार उघडण्यापुरती जागा करू. बाकी जमीन राहू दे तिच्या मनासारखी. खालचे खांब लांब करू. खालून पाइप."

मग काम पुढे सरकलं. घसरलेली माती काढून हिरामणदादांनी वाल पुन्हा पेरला. बाबा त्यांना वाफे करू लागले. खालच्या बाजूला दगडाचा बांध घातला, त्यात पाणी जायला भोकं ठेवली. खांबांचे पाय कातळापर्यंत खोल नेले. रस्त्यापासून शेडपर्यंत गाडी उतरेल एवढी खडीची वाट केली. वेल्डिंगच्या ठिणग्या उडत तेव्हा आई दारातून बघत बसे. आजूबाजूच्या घरांवर कंदील लागायला लागले होते त्याच सुमाराला पत्रे चढले. वरच्या रस्त्यावरून बघितलं तर शेड मोठी गमतीदार दिसायची: एका बाजूचे खांब बुटके, दुसऱ्या बाजूचे लांबच लांब. आई म्हणाली, "लग्नाच्या फोटोत आम्ही दोघं अगदी असेच दिसतो."

पहिल्या दिवशी गाडी दारापाशी उभी राहिली. खुर्ची उंबऱ्यातून बाहेर आली ती सरळ, न कलता. आई उठली, गाडीचं दार धरलं आणि कुणाचा हात न घेता आत बसली. बाबांचा चेहरा असा झाला होता की मला बघवेना. "बघ," ते म्हणाले. "आता काय त्रास आहे सांग."

"काही नाही," आई म्हणाली.

खरंच काही नव्हता. ऊन नव्हतं, चढ नव्हता, घसरणं नव्हतं. जेवढं काढून टाकता येण्यासारखं होतं तेवढं सगळं बाबांनी काढून टाकलं होतं. जे उरलं होतं ते तिच्या हातातल्या फुगलेल्या शिरेत होतं, दर वेळी टोचल्या जाणाऱ्या दोन सुयांत होतं, चार चार तास छताकडे बघत पडण्यात होतं. त्याला खांब लावता येत नव्हते. गाडी चालवता चालवता मी ते बघत होते आणि मलाही वाटत होतं की कुठेतरी गाडी बाजूला घ्यावी आणि स्टिअरिंगवर डोकं टेकावं.

त्या शेडने आम्हाला एक हिवाळा आणि एक उन्हाळा दिला. आषाढात आई गेली. पाणी सगळं पाइपातून गेलं त्या पावसात, बांधाचा एक दगड हलला नाही. आता संध्याकाळी गाडी मी थोडी उशिरा आणते, कारण त्या वेळी हिरामणदादा वर येऊन बाबांशी बसलेले असतात. फारसं बोलत नाहीत दोघं. दोघांच्या गुडघ्यांची आणि हिरामणदादांच्या नातवाच्या नोकरीची तेवढी चर्चा होते. माझी गाडी दिसली की उठून खुर्च्या बाजूला घेतात.

पण माझ्या मनात ती शेड म्हटलं की पौषातली एक सकाळ येते. थंडी पडली होती, नदीवरून धुकं वर चढलेलं. आई गाडीत बसली, बाबा तिच्या शेजारी बसले. मी किल्ली फिरवणार तोच ती म्हणाली, "आज नको."

"काय नको?" बाबा म्हणाले.

"आज जायला नको मला."

"अगं, आता तर सगळं दारात आहे. उतरायचं नाही, चढायचं नाही…"

"तुम्ही खूप केलंत हो," आई म्हणाली. "पण मी उताराला कंटाळले नव्हते."

आरशात मला बाबांची फक्त हनुवटी दिसत होती. ती हलत होती. ते म्हणाले, "मग तेव्हाच का नाही सांगितलंस? इतकं सगळं उकरलं, भांडलो त्या माणसाशी…"

"तुम्ही पहाटे उठत होतात," आई म्हणाली. "दोरी घेऊन फिरत होतात. किती वर्षांनी असे दिसलात. मला बरं वाटत होतं बघायला."

बाबांनी खिशातून रुमाल काढला आणि तो नुसताच हातात धरून ठेवला. मग मला म्हणाले, "फोन कर त्यांना. विचार, उद्या जागा आहे का."

मी फोन केला. उद्या दुपारची जागा होती. आईने "उद्या जाऊ, नक्की" असं म्हणून मान हलवली. पुढे उन्हाळ्यापर्यंत ती अशी आणखी दोन-तीनदा "आज नको" म्हणाली, आणि बाबांनी एकदाही कारण विचारलं नाही.

"मग आता आत जाऊ या?" मी विचारलं.

"थोडं बसू इथंच," आई म्हणाली. "इथं ऊब आहे."

तिने बाबांच्या खांद्यावर डोकं टेकलं. घरात तिला झोप लागत नसे. रात्र रात्र कूस बदलायची, पाय चोळायला सांगायची. आता तिचा श्वास हळूहळू लांब होत गेला आणि तोंड किंचित उघडं पडलं. बाबांनी तिच्या शालीचं टोक तिच्या हातावर ओढलं.

थोड्या वेळाने हिरामणदादा खालून वर आले. गाडी अजून उभी का, म्हणून बघायला आले असावेत. ते काचेजवळ वाकले, काहीतरी विचारणार होते. बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. हिरामणदादांनी आत पाहिलं. मग त्यांनी पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि खडीवर आवाज होऊ नये म्हणून अनवाणीच, हळूहळू, पुन्हा खाली उतरत गेले.

आई झोपली होती. आम्ही दोघं हललो नाही.